कडता

एकोणतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार होतो.
हळदीचं पोतं काट्यावर चढायच्या आधीच
मी आकडा बोलायचो
आणि काटा माझं ऐकायचा.
ओलीचा कडता, बारदानाचा कडता, खाली निव्वळ.
उचलणारे वेगळे.
माझं काम नुसतं नजरेचं.

म्हणून खात्रीनं सांगतो,
हा अँप्लिफायर सव्वीस किलो आहे, वर नऊशे ग्रॅम.
स्पीकर चौतीस-चौतीस,
हरिपूरच्या सुताराने जुन्या दाराच्या सागवानातून केलेले;
एकाच्या पाठीला अजून कडीची भोकं आहेत.
मिरजेचा हुसेनसाब शिकलगार म्हणायचा,
ट्रान्स्फॉर्मर हलका घेतला की गाणं वाऱ्यावर जातं,
आवाजाला बूड पाहिजे.
बूड दिलं त्याने.
आणि गेला पोराकडे, पुण्याला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली,
चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये पेन टेकवलं,
म्हणाले, पाच किलोच्या वर काही नाही.
मी विचारलं, बारदानासकट की निव्वळ?
ते हसले नाहीत.
यार्डात हसले असते.

गेल्या मंगळवारी डावा स्पीकर मुका झाला.
मागची वायर निसटलेली.
बोटभर काम,
पण बोटाच्या आधी सव्वीस किलो नऊशे.
दाढीचा आरसा मागे धरून पाहिला,
आरशात डाव्याचं उजवं होतं,
तीनदा भलत्याच भोकात गेली.

मग माळ्याखालचं बारदान काढलं.
चालायच्या काठीनं एक कोपरा उचकटायचा,
खाली बारदान सारायचं,
थांबायचं.
दुसरा कोपरा.
चार कोपऱ्यांना पाऊण तास.
मग शहाबादीवर बसून टाचा भिंतीला लावल्या
आणि ओढलं.
वीतभर आलं. कुरकुरत हातभर आलं.
वायर बसली,
आणि डावीकडून डग्गा बोलला,
इतका जवळून की मांडीला कळला.

तेव्हा ध्यानात आलं,
ओढता येतं, मागे ढकलता येत नाही.
आणि मलाही उठता येत नाहीये.
कॅसेट दोन्ही बाजूंनी संपली.
खिडकीतला उजेड गेला.
स्वयंपाकघरात दूध उघडं होतं.
मी पडून होतो पायाशी यंत्र घेऊन,
त्याचं झाकण गरम, बऱ्यापैकी गरम,
आणि खोटं कशाला बोलू,
तो तास वाईट गेला नाही.
मग कॉटपर्यंत बुडावर सरकत गेलो.

नऊ दिवस ते खोलीच्या मधोमध.
मी त्याला वळसा घालून जेवायला जायचो,
रात्री वळसा घालून मोरीकडे.
विट्याहून पुतणीचा फोन आला,
काका, विकून टाका ना,
आता तळहातावर मावतो असला मिळतो,
नुसतं तोंडाने सांगितलं की गाणं लावतो.
तिचं बरोबर आहे.
फोन संपेपर्यंत मी बारदानाची कड दुमडत होतो.

सिलिंडर निम्मा होता, तरी नंबर लावला.
बिरदेव आला, खांद्यावर भरलेला,
साडेएकोणतीस, थोडा इकडे-तिकडे.
जुना हलवून बघितला त्याने.
"काका, ह्यात गॅस हाय की अजून."
असू दे म्हटलं.
तेवढं हे जरा मागं सारतोस?

तो कमरेतून वाकला.
गुडघ्यात वाक, बाबा, गुडघ्यात.
"दिसाला साठ उचलतोय काका," म्हणाला,
आणि उचललं.

ठेवताना त्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला,
हं आणि हाय यांच्या मधला.
एकोणतीस वर्षं माझ्या कानाशी तो रोज होत होता,
पोत्यागणिक एक.
मी आकडा लिहायचो.
तो कडत्यात जायचा.

चहा नको म्हणाला.
खाली गाडी चालूच होती.